जहाजावरचे चित्रकार आणि त्यांनी काढलेले पक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एका जुन्या पक्षीचित्राची फ्रेम आहे. घरी कोणी आलं की चहा येईपर्यंत नजर तिकडे जाते आणि मग प्रश्न सुरू होतात. फॅमिली ग्रुपवरही तेच तेच विचारलं जातं, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

ही नेमकी कुठली चित्रं? राजा रविवर्मा टाइप का?

नाही हो. युरोपातली जहाजं जगभर फिरायला लागली, म्हणजे साधारण १५०० पासून ते १८०० च्या थोडं पुढंपर्यंत, त्या काळात अनोळखी बेटांवर जे पक्षी दिसले त्यांची कागदावर केलेली नोंद म्हणजे ही चित्रं. दिवाणखाना सजवायला ती काढलेली नव्हती. कॅमेरा नव्हता आणि पक्षी लंडन-पॅरिसपर्यंत धड पोचायचा नाही, तेव्हा चित्र हाच पुरावा. भिंतीवर ती लागली फार नंतर.

जहाजावर चित्रकार असायचा? वेगळी पोस्ट होती?

कधी होती, कधी नव्हती. १७६८ मध्ये कॅप्टन कुक या इंग्रज दर्यावर्दीचं एन्डेव्हर जहाज निघालं तेव्हा जोसेफ बँक्स नावाचा पंचविशीतला श्रीमंत तरुण स्वतःच्या खर्चानं एक अख्खी टीमच घेऊन चढला. तिच्यात सिडनी पार्किन्सन होता, स्कॉटलंडचा, तोही विशीतलाच. पुढच्या सफरीत, १७७२ ला, योहान फॉर्स्टर हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आपल्या मुलाला सोबत घेऊन गेला. तो गेऑर्ग फॉर्स्टर तेव्हा १७ वर्षांचा, आपल्याकडं बारावीला असतात त्या वयाचा.

बाकीच्यांची भरती बघाल तर गंमत वाटेल. कुकच्या तिसऱ्या सफरीत पक्षी काढणारा विल्यम एलिस हा डॉक्टरचा मदतनीस होता. ऑस्ट्रेलियाकडं निघालेल्या फ्रेंचांच्या बोदँ मोहिमेतले अधिकृत चित्रकार मॉरिशसला उतरले ते परत चढलेच नाहीत, मग चित्रं काढली लस्युअरनं, ज्याची कागदोपत्री नोकरी तोफखान्यात होती. आणि सिडनीच्या वसाहतीत सुरुवातीच्या काळात पक्षी काढणारा थॉमस वॉटलिंग हा बनावट नोटांच्या केसमध्ये शिक्षा होऊन तिकडं पाठवलेला कैदी. नोटेची नक्कल करणारा हात पिसाची नक्कल चांगलीच करणार म्हणा.

हलत्या जहाजावर इतकं बारीक काम जमायचं कसं?

मला वाटायचं मस्त डेकवर बसून, वाऱ्यात, ब्रश घेऊन वगैरे. तसलं काही नव्हतं. एन्डेव्हरवर नव्वदच्या वर माणसं कोंबलेली, कॅप्टनची मोठी केबिन हीच कामाची जागा, तिथल्या टेबलाच्या एका बाजूला बँक्स आणि त्याचा सहकारी सोलँडर नमुना बघत बसायचे आणि समोर पार्किन्सन काढत बसायचा, अंधार पडेपर्यंत. फॉर्स्टर बापलेकांची अवस्था त्याहून वाईट. थोरल्या फॉर्स्टरनं डायरीत वैतागून लिहून ठेवलंय की केबिनच्या दोन्ही बाजूंना जनावरं बांधलीत आणि वासानं जीव नकोसा झालाय.

जमिनीवर उतरलं की सुटका होते असंही नाही. एप्रिल १७६९ मध्ये ताहितीला माश्यांनी इतका उच्छाद मांडला की पार्किन्सननं कागदावर रंग लावला रे लावला की माश्या तो खाऊन टाकायच्या. बँक्सनं हे स्वतः नोंदवलंय. शेवटी टेबल, खुर्ची आणि चित्रकार सगळं मिळून एका मच्छरदाणीत घातलं, तरी आत शिरलेल्या माश्यांसाठी वेगळा सापळा लावावा लागला.

पक्षी समोर जिवंत असायचा का मेलेला?

हा खरा प्रश्न! बाकीचं काही विचारू नका पण हा विचारा. मी आता कुठलंही जुनं पक्षीचित्र बघितलं की आधी हेच शोधते, की काढणाऱ्यानं समोर काय ठेवलं होतं. जिवंत पक्षी, नुकताच मारलेला, पेंढा भरलेला, का दुसऱ्याच कुणाचं चित्र? चारही प्रकार एकाच पुस्तकात शेजारीशेजारी मिळतात आणि बघणाऱ्याला सगळे सारखेच खरे वाटतात.

बहुतेक वेळा पक्षी नुकताच गोळी घालून आणलेला असायचा. तेव्हा दुर्बीण नव्हती का, तर होती, पण पिसं मोजायला पक्षी हातातच लागायचा. मग घाई सुरू. पिसांचा रंग बराच टिकतो पण डोळे, चोच, पाय, डोळ्याभोवतीची कातडी हे काही तासांत उतरतं. त्यामुळं पार्किन्सननं एक पद्धत बसवली होती, आधी पेन्सिलनं आखणी, मग थोड्याच भागात खरा रंग भरून ठेवायचा आणि बाजूला नोंदी लिहायच्या, बाकीचं सवडीनं पुरं करू असं म्हणून. त्याची निव्वळ वनस्पतींची चित्रंच साडेनऊशेच्या आसपास आहेत आणि त्यातली सुमारे २८० च पूर्ण रंगवलेली. पक्ष्यांची संख्या त्या मानानं अगदी कमी.

ती सवड त्याला मिळालीच नाही. परतीच्या वाटेवर जहाज बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, दुरुस्तीला थांबलं, तिथं हगवण आणि ताप शिरला आणि माणसं पटापट गेली. पार्किन्सन २६ जानेवारी १७७१ ला हिंदी महासागरात वारला, घर अजून काही महिने लांब होतं.

आणि पेंढा भरलेला असला तर काय फरक पडतो?

फार पडतो. पेंढा भरणाऱ्यानं तो पक्षी कधी चालताना बघितलेला नसतो. न्यूझीलंडच्या किवीचं पहिलं छापील चित्र १८१३ चं आहे, लंडनला आलेल्या नुसत्या कातड्यावरून काढलेलं, त्यात किवी पेंग्विनसारखा ताठ उभा आहे, जणू राष्ट्रगीत चालू आहे. किवी खरा चालतो वाकून, चोच जमिनीकडं.

जुन्या चित्रांत प्रत्येक पक्षी एका तुटक्या ओंडक्यावर का बसलेला असतो हेही यातच आलं. चित्रकाराला माहितीच नसायचं की तो गवतात राहतो, कड्यावर की दलदलीत, मग दिला ओंडका, वर दोन पानं, झालं काम.

पाय नसलेल्या पक्ष्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, म्हणजे तशी गोष्ट होती हे खरं. मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं एकच जहाज व्हिक्टोरिया १५२२ मध्ये स्पेनला पोचलं. त्यात बर्ड ऑफ पॅराडाइजची वाळवलेली कातडी होती, मोलुक्का बेटांमधल्या एका सुलतानानं भेट दिलेली. न्यू गिनीकडचे लोक ही कातडी व्यापारासाठी तयार करताना पाय काढून टाकायचे. युरोपात लोकांनी बघितलं की पाय नाहीत, आणि ठरवून टाकलं की हा पक्षी जन्मभर उडतच असतो, कधी खाली टेकत नाही, दव पिऊन जगतो. चित्रंही तशीच निघाली. मजा म्हणजे त्याच जहाजावरच्या पिगाफेट्टानं या पक्ष्याला पाय असतात असं लिहिलं होतं, पण कोण वाचतंय! प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये नाव दिलं तेही अपोडा, म्हणजे बिनपायाचा, आणि तोवर पाय असल्याचं माहीत होतं बरं का.

एक गोंधळ होतो म्हणून सांगते, आपला स्वर्गीय नर्तक तो हा नव्हे. आपला वेगळा, माश्या टिपून खाणारा, पाय शाबूत.

डोडो खरंच तेवढा लठ्ठ होता का?

बहुतेक नाही. डोडो म्हणजे मॉरिशसचा, आता नामशेष झालेला पक्षी, आणि आपल्या डोक्यात जो गोलमटोल डोडो आहे तो मुख्यतः रोलांट सावेरी या चित्रकाराच्या चित्रांतून आलाय, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध १६२६ च्या सुमाराचं, आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये. पुढच्या कित्येकांनी मॉरिशसला न जाता त्याचंच बघून काढलं. समोर काय ठेवलं होतं, तर चित्र!

याउलट १६०१ मध्ये गेल्डरलांड नावाचं डच जहाज मॉरिशसला गेलं होतं, त्यावरच्या लार्ले या माणसानं बेटावरच काढलेली स्केचेस त्या जहाजाच्या रोजनिशीत आहेत. साधी, घाईची, पण डोडो चांगला उभा, बऱ्यापैकी सडसडीत. ती रोजनिशी शेकडो वर्षं दप्तरात पडून राहिली आणि जगभर गाजला तो जाड्या.

आपल्याकडं कुणी असं काम केलं नाही का?

केलं, आणि काही बाबतीत युरोपच्या आधी आणि सरस. डोडोच्या रंगीत चित्रांत अगदी विश्वासार्ह मानलं जाणारं एक चित्र मुघल आहे, जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं समजलं जातं, साधारण १६२५ चं, सध्या सेंट पीटर्सबर्गमध्ये. जहाजातून डोडो सुरतेला आले होते. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं सुरतेत दोन बघितल्याचं लिहून ठेवलंय, तेव्हा मन्सूरसमोर जिवंत डोडो असणार असं मानतात. त्या चित्रात डोडो मधोमध आणि भोवती ओळखीची मंडळी: पट्टकादंब, हिमालयातला ट्रॅगोपान, छोटे पोपट, आणि खाली आपल्या माळरानावर असतात त्या पखुर्ड्या. बाकीचे पक्षी इतके अचूक आहेत की डोडोवरही विश्वास बसतो. माझ्यासाठी तरी हा मुद्दा पुरेसा आहे.

आणि गोव्याचा किस्सा ऐका. १६१२ मध्ये जहांगीरचा माणूस मुकर्रब खान गोव्याहून पोर्तुगीजांकडच्या नवलाच्या वस्तू घेऊन आला, त्यात एक टर्की होता. अमेरिकेतला पक्षी, पोर्तुगीज जहाजानं गोव्यात, गोव्याहून आग्र्याला. जहांगीरनं आपल्या आठवणींत त्याचं वर्णन केलंय, की डोक्यामानेचा रंग सरड्यासारखा बदलतो, कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा. पुढं म्हणतो की बाबरानं प्राण्यांची वर्णनं लिहिली पण चित्रकारांना काढायला सांगितली नाहीत, मी सांगितली. मन्सूरनं काढलेला तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

मराठी माणसाचं नाव हवंच असेल तर तंजावरचे सरफोजीराजे भोसले. त्यांनी पक्ष्यांची चित्रं काढून घेतली होती आणि त्यातला एक अल्बम ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटच्या, म्हणजे तिथल्या प्रतिनिधीच्या, हातून लंडनला गेला, तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणि आपला पक्षी बाहेरच्यानं पुस्तकात नेल्याचंही उदाहरण आहे: सह्याद्रीत पहाटे ओरडणारा राखी रानकोंबडा माहितीय ना, त्याच्या शास्त्रीय नावात सोनराती आहे, ते सोनेरा या फ्रेंच प्रवाशावरून. त्यानं १७८२ च्या पुस्तकात हा कोंबडा आणला.

सोनेरा म्हणजे तोच का, पेंग्विनवाला?

तोच तो. यानं पुस्तक लिहिलं न्यू गिनीच्या प्रवासाचं, १७७६ मध्ये, आणि स्वतः न्यू गिनीला गेलाच नव्हता. पुस्तकात तिथले म्हणून पेंग्विन दाखवले आणि एक मोठा खंड्या, म्हणजे कुकाबुरा. परिणाम काय, तर जेंटू पेंग्विनचं शास्त्रीय नाव आजही पापुआ आहे आणि कुकाबुराचं नोव्हेगिनी. पापुआमध्ये एकही पेंग्विन नाही आणि तो कुकाबुरा राहतो ऑस्ट्रेलियात. (आपल्या राणीच्या बागेतले पेंग्विन वेगळे, ते हम्बोल्ट.)

मग चुकीची नावं दुरुस्त का करत नाहीत?

कारण नियम आहे की आधी दिलेलं नाव टिकतं, अर्थ चुकीचा असला तरी. नाहीतर दर पिढी नव्यानं बारसं करत बसली असती.

या नावांचंही एक राजकारण आहे. कुकच्या सफरीतले पक्षी आणि चित्रं लंडनला पडून होती, जॉन लॅथम या इंग्रज पक्षी-अभ्यासकानं ती बघून पुस्तकात वर्णनं केली, पण नावं दिली फक्त इंग्रजीत. मग जर्मनीत बसलेल्या ग्मेलिन या निसर्गशास्त्रज्ञानं १७८८-८९ मध्ये लॅथमची वर्णनं वाचून लॅटिन नावं ठोकून दिली. पक्षी नाही, कातडं नाही, कित्येकदा चित्रसुद्धा बघितलं नाही, आणि नावापुढं कायमचा ग्मेलिन. लॅथमला नंतर चूक कळली, त्यानं १७९० मध्ये लॅटिन नावांचं पुस्तक काढलं पण गाडी गेलेली होती.

असा कुठला पक्षी आहे का ज्याचं फक्त चित्रच उरलंय?

आहे, आणि एक नाही. १ जून १७७४ ला ताहितीजवळच्या रायाटेआ बेटावर गेऑर्ग फॉर्स्टरनं एका तपकिरी, कस्तुरासारख्या दिसणाऱ्या पक्ष्याचं चित्र काढलं. वडलांनी वर्णन लिहिलं. नमुना लंडनला पोचला, लॅथमनं बघितला, आणि नंतर हरवला. परत तो पक्षी कुणालाच दिसला नाही. आज त्याच्याबद्दल वाद आहे की तो कस्तुर होता का मैना कुळातला का आणखी काही, आणि भांडणाऱ्यांच्या हातात आहे एक चित्र आणि थोडा मजकूर. एवढंच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅसिफिकमधल्या टान्ना बेटावर एक जमिनीवर फिरणारं कबूतर मारलं, मादी. तिचंही चित्र फॉर्स्टरचंच. नमुना गेला. नर कसा दिसायचा हे कुणी काढलंच नाही.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या लॉर्ड हाव बेटावरच्या पांढऱ्या पाणकोंबडीची गोष्ट जरा बरी म्हणायची, तिची दोन कातडी उरलीत, एक व्हिएन्नाला, एक लिव्हरपूलला. हे बेट १७८८ ला सापडलं, तिथं माणसांची वस्तीच नव्हती, त्यामुळं पक्षी कुणाला घाबरायचे नाहीत आणि खलाशी त्यांना नुसत्या काठीनं मारून खायचे. पन्नासेक वर्षांत संपल्या. पण त्या काळच्या चित्रांत काही पूर्ण पांढऱ्या आहेत, काहींवर निळे ठिपके. आधी वाटेल की चित्रकारांत एकमत नाही, पण उलट आहे, वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळे पक्षी बघून काढलेत. म्हणून अभ्यासकांना शंका आली की वयाप्रमाणे त्यांचा रंग बदलत असावा. एकच सुबक चित्र उरलं असतं तर ही शंकाच आली नसती.

नमुने इतके हरवायचे कसे?

कीड. अर्सेनिकचा साबण लावायची युक्ती फ्रान्समध्ये एकाला सापडली होती पण त्यानं ती बरीच वर्षं गुपित ठेवली. बाकीचे दारूत बुडवून ठेवायचे, मीठ लावायचे, मसाले भरायचे. पुन्हा लंडनचं लेव्हरचं खासगी म्युझियम, जिथं कुकच्या सफरीतलं बरंच होतं, ते १८०६ मध्ये लिलावात फुटलं आणि पक्षी दहा दिशांना गेले. त्या म्युझियमचे नमुने सेरा स्टोन नावाच्या एका तरुण मुलीनं आधीच रंगवून ठेवले होते हे नशीब.

चित्रात पक्षी उजवीकडं बघतोय आणि पुस्तकात डावीकडं, असं का?

तांब्याच्या पत्र्यावर कोरताना चित्र आहे तसं कोरलं की छापल्यावर आरशासारखं उलटं येतं. कोरणारे बऱ्याचदा ते उलटं करायचे कष्ट घेत नसत. छपाई फक्त काळ्या रेघांची, रंग नंतर हातानं, प्रत्येक प्रतीत. एक नमुना समोर ठेवून ओळीनं बसलेले लोक रंग भरायचे, त्यात बायका-मुलंही असायची. म्हणून एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत एकाच पोपटाचं पोट वेगळ्या रंगाचं निघतं. तेव्हा छापील चित्रातल्या रंगावरून शपथ घेऊ नका.

ओरिजिनल जुनं प्रिंट ओळखायचं कसं?

आता सोफ्याच्या वरच्या फ्रेमबद्दल. ती मी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून 'दोनशे वर्षांपूर्वीचं ओरिजिनल' म्हणून घेतली, घासाघीस केली, अगदी विजयी मुद्रेनं घरी आणली. मग एक दिवस दहा पटीचं भिंग लावलं आणि बघते तर खंड्याची निळी पाठ म्हणजे निळे, गुलाबी, पिवळे ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोला असतात तस्से. ऑफसेट छपाई. फार तर चाळीस वर्षं जुनं.

तर भिंग न्या. हातानं रंगवलेल्यात ठिपके दिसत नाहीत, रंग सलग असतो आणि कुठं ना कुठं रेघेबाहेर सांडलेला असतो. काळी रेघ कागदातून किंचित उठलेली लागते. चित्राभोवती चौकोनी दाब उमटलेला असतो, पत्रा दाबल्याचा, बोट फिरवलं की कळतो. आणि विकणारा काचेतून काढून दाखवायला तयार नसेल तर सरळ निघा तिथून.

फुकट कुठं बघता येतील?

बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर जुनी पुस्तकं पानन्‌पान स्कॅन केलेली आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमकडं पार्किन्सन आणि फॉर्स्टरची मूळ चित्रं आहेत, बरीच ऑनलाइन दिसतात. मन्सूरचा सायबेरियन क्रौंच बघायचा तर कोलकात्याचं इंडियन म्युझियम.

मी पण असं काढून बघू का? मला चित्रकला येत नाही.

बघा की, मलाही येत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आसपास आमच्या बिल्डिंगच्या काचेवर एक नवरंग आपटून मेला, ते त्याच दिवसांत येतात आणि काचांवर आपटतात. ठेवून घेऊ नका, पीससुद्धा नाही, कायद्यानं चालत नाही. पण मी तिथंच पायरीवर वही घेऊन बसले. पार्किन्सनचं डोक्यात होतंच, म्हणून आधी पाय आणि डोळा लिहून काढला: 'पाय गुलाबी, सोललेल्या कच्च्या कोळंबीसारखे. डोळा तपकिरी, ओला.' मग बाकीची आखणी, शेपटीखालचा लाल, पाठीचा हिरवा. वॉचमनकाका दोनदा येऊन विचारून गेले की ताई, टाकू का आता. तासाभरानं परत पायांकडं बघितलं तर कोळंबी शिजल्यासारखी फिकट पडली होती आणि डोळ्यावर साय धरली होती. चित्र म्हणाल तर कबुतरासारखं झालंय. बाजूची नोंद मात्र बरोबर आहे.